न्यू जर्सीहून टेक्सासला जाताना: राज्याच्या आणि गावच्या करांचा हिशोब

पारिजातक | ८ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

एडिसनमध्ये आम्हाला बारा वर्षं झाली. आता नवऱ्याची बदली डॅलसजवळच्या प्लेनोला होते आहे. तो मे महिन्यात पुढे जाईल. मुलांची शाळा जूनअखेर संपली की जुलैत मी मुलांना घेऊन जाईन. माझी नोकरी मॅनहॅटनमधल्या कंपनीत आहे, आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जाते. कंपनीने टेक्सासहून घरून काम करायला होकार दिला आहे, त्यामुळे नोकरी सोडावी लागणार नाही.

गेले दोन आठवडे रोज रात्री मुलं झोपली की वही घेऊन बसते. आम्हा दोघांचा मिळून पगार अडीच लाख डॉलरच्या आसपास, त्यातला माझा एक लाख. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्हीचा मिळून राज्य आयकर गेल्या वर्षी साधारण साडेबारा हजार गेला. एडिसनच्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स अकरा हजार आठशे. टेक्सासमध्ये आयकरच नाही, म्हणजे साडेबारा हजार सरळ वाचले, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे. नवरा म्हणतो इतकं सोपं नसणार. तिकडे राहणाऱ्या एका मैत्रिणीने फक्त एवढंच सांगितलं, "घर घेताना मड बघ." मड म्हणजे काय हे मला खरंच माहीत नाही.

जायच्या आधी काय काय समजून घ्यावं? तुमच्या राज्यांचे अनुभवही लिहा. इतरांनाही उपयोग होईल.

---

कोरा_चहा | ८ मार्च, रात्री ११.२५

पारिजातक, स्वागत आहे. आम्ही टेक्सासमध्येच फ्रिस्कोजवळ सात वर्षं राहतोय. तुमच्या मैत्रिणीने लाख मोलाचं सांगितलं आहे. उद्या निवांत लिहितो, आमच्यावर बेतलेलं आहे ते.

---

मोगरा | ९ मार्च, सकाळी ७.१०

वाचतेय. मी सहा महिन्यांपूर्वीच पुण्याहून आलेय. मला तर एका देशात दोन-तीन वेगवेगळे आयकर असतात हेच अजून पचलेलं नाही. आपल्याकडे पगारातून राज्याचा म्हणून तेवढा व्यवसाय कर जायचा, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. इथे पगाराच्या चिठ्ठीवर केवढ्या ओळी!

---

सह्यकडा | ९ मार्च, सकाळी ८.५०

मोगरा, तीच ओळ मनात मोठी करून बघा. आपल्या राज्यघटनेने व्यवसाय कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. इथे राज्यांना तशी मर्यादा नाही. पगारावर आयकर न घेणारी राज्यं नऊ आहेत: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. बाकीच्या ठिकाणी केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा आणि काही ठिकाणी गावाचा, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) किंवा शाळेच्या हद्दीचाही वेगळा.

पारिजातकताई, मी रिटर्न भरण्याचं काम बरीच वर्षं करतोय. तुमच्या वहीतली साडेबारा हजारांची ओळ खोडावी लागेल, म्हणून लगेच लिहितो.

न्यूयॉर्कचा एक नियम आहे. तुमची नेमणूक न्यूयॉर्कच्या ऑफिसात असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीने दुसऱ्या राज्यात बसून काम करत असाल, तर तो दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचा धरतात. कंपनीच्या गरजेमुळे तुम्हाला बाहेर बसावं लागत असेल तरच सुटका होते. नवऱ्याची बदली झाली म्हणून तुम्ही टेक्सासला गेलात, तर ती तुमची सोय झाली. म्हणजे तुमच्या एक लाख पगारावर न्यूयॉर्क पूर्वीसारखाच कर घेत राहील. तुमच्या आकड्यांवरून तो पाच-साडेपाच हजारांच्या घरात जाईल.

आणखी एक. आज तुम्ही न्यूयॉर्कला जे भरता त्याचं क्रेडिट न्यू जर्सी देते, म्हणजे ते स्वतःच्या करातून वजा करते, म्हणून दुहेरी भार जाणवत नाही. टेक्सासमध्ये मुळात आयकरच नाही, तर क्रेडिट कशातून मिळणार? न्यूयॉर्कचे पैसे पूर्ण तुमच्या खिशातून.

तुमच्या कंपनीचं टेक्सासमध्ये ऑफिस आहे का? असेल तर एचआरशी आत्ताच बोला. "घरून काम करायला परवानगी" आणि "नेमणुकीचं ठिकाण डॅलस ऑफिस" या दोन गोष्टी कागदावर अगदी वेगळ्या आहेत. दुसरी मिळाली आणि तुम्ही खरोखर त्या ऑफिसात जाऊन काम केलंत, तर हा प्रश्न राहत नाही. आणि एच-१बीवर असाल तर कामाचं ठिकाण दुसऱ्या शहर-परिसरात जाताना कंपनीला व्हिसाची दुरुस्तीही दाखल करावी लागते. तो विषय वेगळा, पण एचआरशी बोलणं तेच.

---

पारिजातक | ९ मार्च, दुपारी १२.०५

बाप रे. एचआरच्या ईमेलमध्ये शब्द आहेत "रिमोट फ्रॉम टेक्सास, ॲट एम्प्लॉयीज रिक्वेस्ट". म्हणजे माझ्याच विनंतीवरून असं त्यांनी लिहूनच दिलंय! डॅलसजवळ आमचं छोटं ऑफिस आहे, तिथे माझ्या टीमचं कोणी नाही. आजच मॅनेजरशी बोलते. व्हिसाचा प्रश्न नाही, आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे.

---

कोरा_चहा | ९ मार्च, रात्री ९.३०

आता मडबद्दल. सविस्तर लिहितो, कारण आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. शहराच्या हद्दीबाहेर मोकळ्या रानात बिल्डर वसाहत उभी करतो तेव्हा पाणी, सांडपाणी, पावसाचा निचरा हे सगळं नव्याने घालावं लागतं. त्यासाठी हा डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढतो आणि त्याची फेड तिथल्या घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून होते. शाळा, काउंटी, कॉलेज यांचे दर असतातच, त्यावर मडचा वेगळा दर चढतो. वसाहत भरत गेली की दर हळूहळू उतरतो, पण सुरुवातीची वर्षं जड जातात. पिड (पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, वसाहतीतल्या सुविधांसाठीची वेगळी आकारणी) नावाचाही एक प्रकार असतो, तोही विचारून घ्या. डॅलसच्या उत्तरेला नव्या वसाहती बघत असाल तर दोन्ही भेटतील. मडमधलं घर विकताना विकणाऱ्याने तशी लेखी नोटीस आधी द्यायची असा कायदा आहे. आम्हालाही दिली होती. सह्यांच्या गठ्ठ्यात ते पान होतं, आम्ही सही केली आणि पुढचं पान उलटलं.

उदाहरण घ्या, सहा लाखांचं घर. मड नसेल आणि एकूण दर १.७ टक्के असेल तर वर्षाला १०,२००. मडसकट २.५ टक्के झाला तर १५,०००. सूट धरण्याआधीचे आकडे आहेत हे. महिन्याला चारशे डॉलरचा फरक, घर तेच.

आता आमच्यावर काय बेतलं ते. टेक्सासमध्ये १ जानेवारीला मालमत्ता जशी असेल तशी तिची किंमत धरून त्या वर्षाचा कर लागतो. आमचं घर ऑगस्टमध्ये बांधून झालं. त्या वर्षीच्या १ जानेवारीला तिथे नुसती माती होती. त्यामुळे पहिलं बिल फक्त जमिनीचं आलं, ३,१०० डॉलर. कर्ज देणाऱ्या बँकेने तेच बिल धरून एस्क्रो लावला, म्हणजे कराचे पैसे हप्त्याबरोबर दर महिन्याला घ्यायला सुरुवात केली, महिन्याला साधारण २६०. आम्ही खूश. एडिसनला तुम्ही अकरा हजार भरता, मी पिस्कॅटवेला दहा भरत होतो. भावाला फोन करून सांगितलं, ये इकडे.

पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं, साडेबारा हजार. बँकेने एस्क्रोचं गणित पुन्हा केलं. पुढे दर महिन्याला १,०४० हवेच होते, वर मागची नऊ हजार चारशेची तूट बारा महिन्यांत वसूल करायची म्हणून आणखी ७८०. महिन्याचा हप्ता एकदम पंधराशे साठने वाढला. ते पत्र आलं तेव्हा बायको माहेरी साताऱ्याला होती, धाकटी सात महिन्यांची. मी ते पत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून तीनदा वाचलं. वर्षभर गाडी घेणं, भारतात जाणं, सगळं थांबवलं. निभावलं, पण झोप उडाली होती.

नवं घर घेणार असाल तर बँकेला पहिल्या दिवसापासून सांगा की पूर्ण बांधलेल्या घराच्या अंदाजाने एस्क्रो लावा. ते तयार नसतील तर तेवढी रक्कम दर महिन्याला स्वतः बाजूला टाका.

---

बाभूळ | ९ मार्च, रात्री १०.१५

कोरा_चहा, अगदी हेच आमच्याकडे ह्यूस्टनच्या कॅटी भागात झालं. तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत, आभार.

जुनं घर घेणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगते. घरांच्या साइटवर जो "गेल्या वर्षीचा कर" दिसतो तो आधीच्या मालकाचा असतो, तुमचा नाही. टेक्सासमध्ये राहत्या घराला होमस्टेड सूट मिळते आणि त्याच्या करपात्र किमतीची वाढ वर्षाला दहा टक्क्यांवर जात नाही. दहा वर्षं राहिलेल्या मालकाचं घर बाजारात सहा लाखांचं आणि करासाठी साडेचार लाखांचं असू शकतं. ६५ च्या वरचा मालक असेल तर त्याचा शाळेचा कर गोठलेला असतो. घर तुमच्या नावावर झालं की पुढच्या जानेवारीला ही सगळी जुनी कवचं निघून जातात आणि पूर्ण बाजारभावाने मोजणी होते. म्हणून जुनं बिल बघू नका. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर पत्ता घाला, कोणकोणते कर लागू आहेत त्यांचे दर मिळतात. त्यांची बेरीज करा आणि आपल्या खरेदी किमतीला लावा.

होमस्टेडचा अर्ज फुकट असतो. घर घेतलं की "आम्ही भरून देतो, इतके डॉलर पाठवा" अशी सरकारी वाटणारी पत्रं येतात. एक पैसा देऊ नका. लायसन्सवर नव्या घराचा पत्ता हवा, एवढी अट नीट पाळा.

---

सह्यकडा | १० मार्च, सकाळी ८.२०

बाभूळताईंच्या लिहिण्यात थोडी भर. शाळेच्या करासाठी होमस्टेड सूट २०२३ मध्ये एक लाख झाली होती, २०२५ पासून ती १ लाख ४० हजार आहे. शाळेचा दर शंभराला एक डॉलर धरला तर वर्षाला चौदाशे वाचतात. आधीच्या मालकाने त्या वर्षी सूट घेतलेली नसेल, उदाहरणार्थ नवंकोरं घर असेल, तर राहायला गेल्यावर त्याच वर्षासाठी अर्ज करता येतो. नाहीतर पुढच्या जानेवारीत, ३० एप्रिलच्या आत.

---

ओवी | १० मार्च, सकाळी १०.४५

मी पेनसिल्व्हेनियाचं लिहिते. आम्ही न्यू जर्सीतून फिलाडेल्फियाच्या उपनगरात आलो तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, इथे आयकर सरसकट ३.०७ टक्के, फार स्वस्त. ते खरं आहे. पण बहुतेक टाउनशिपचा (म्हणजे गावाचा) वेगळा कमाई कर असतो, सहसा एक टक्का, आणि त्याचं रिटर्नही वेगळं भरायचं असतं. नवऱ्याची कंपनी दुसऱ्या राज्यातली, तिने तो कापलाच नाही. आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी घरी पत्र आलं, दोन्ही वर्षांचा कर, त्यावर व्याज आणि दंड. रक्कम भरली, पण गुन्हा केल्यासारखं वाटत राहिलं कितीतरी दिवस. आम्ही कर बुडवणारी माणसं नाही हो.

शिवाय इथे ४०१ केमध्ये (नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यात) टाकलेल्या पैशांवरही राज्य कर घेतं. न्यू जर्सीत ते वजा होत होतं. आणि फिलाडेल्फिया शहरात राहिलं किंवा नुसतं काम केलं तरी तिथला वेज टॅक्स (पगारावरचा कर) लागतो, राहणाऱ्यांना पावणेचार टक्क्यांच्या आसपास.

घर ठरवायच्या आधी टाउनशिपच्या कार्यालयात फोन करून एवढंच विचारायचं: "तुमच्याकडे राहणाऱ्याला कोणकोणते कर भरावे लागतात?" पाच मिनिटांचं काम.

---

काजूगर | १० मार्च, दुपारी १.३०

ओहायोतही तसंच. आम्ही राहतो एका गावात, काम कोलंबसमध्ये. कोलंबस शहराचा अडीच टक्के कर पगारातूनच कापला जातो. राहत्या गावाचाही कर आहे, आणि ते गाव कोलंबसला भरलेल्या कराचं किती क्रेडिट देतं हे गावागणिक बदलतं. काही शाळांच्या हद्दींचा आयकर आणखी वेगळा. त्यामुळे रस्त्याच्या या बाजूचं घर आणि त्या बाजूचं घर यात फरक पडतो.

---

निवांत | १० मार्च, रात्री ८.००

सिएटलहून. आयकर नाही हे खरं, पण विक्रीकर शहरात दहा टक्क्यांच्या वर. किराण्यावर नाही, बाकी जवळपास सगळ्यावर. २०२२ पासून मोठ्या भांडवली नफ्यावर सात टक्के कर सुरू झाला आहे. अडीच लाखांपासून सुरू झालेली सूट-मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढते, म्हणून बहुतेकांना लागत नाही.

मला जे कळायला उशीर झाला ते कॅलिफोर्नियाचं. तिथून निघताना माझे बरेच आरएसयू (कंपनीने देऊ केलेले, पण टप्प्याटप्प्याने मिळणारे शेअर) हातात यायचे होते. मला वाटलं इथे आल्यावर मिळाले तर कॅलिफोर्नियाचा काय संबंध? पण शेअर दिल्याच्या तारखेपासून हातात येईपर्यंत जितके कामाचे दिवस तिथे भरले, तितक्या भागावर कॅलिफोर्निया कर घेते. तीन वर्षं मी तिथलं अनिवासी रिटर्न भरत होतो. नियम समजला की न्याय्य वाटतो, फक्त आधी माहीत हवा.

---

सह्यकडा | १० मार्च, रात्री ९.१५

पारिजातकताई, एक प्रश्न विचारायचा राहिला. भारतात काही आहे का? भाडं, ठेवी, घर विकणं?

---

पारिजातक | १० मार्च, रात्री ९.५०

आहे ना! कोथरूडचा फ्लॅट विकतोय. दोघांच्या नावावर आहे. सासरे गेल्यापासून बंदच होता. गिऱ्हाईक मिळालंय, जूनमध्ये खरेदीखत करायचं म्हणतात. नफा डॉलरमध्ये साधारण १ लाख ४० हजार होईल. पण त्याचा कर भारतात भरणारच आहोत, आणि इथे त्याचं क्रेडिट मिळतं ना?

---

सह्यकडा | १० मार्च, रात्री १०.३५

केंद्राच्या रिटर्नमध्ये मिळतं. न्यू जर्सीत मिळत नाही.

हे आपल्या माणसांना फार कमी माहीत असतं, म्हणून नीट लिहितो. न्यू जर्सीचा रहिवासी असाल तर जगभरातल्या उत्पन्नावर राज्य कर घेतं. दुसऱ्या राज्याला भरलेल्या कराचं क्रेडिट देतं, परदेशाला भरलेल्या कराचं नाही. भांडवली नफ्याला वेगळा सवलतीचा दरही नाही, पगाराच्याच टप्प्यांत तो मोजला जातो. तुमचा पगार धरून वरचे १ लाख ४० हजार सगळेच्या सगळे ६.३७ टक्क्यांच्या टप्प्यात येतात. म्हणजे ८,९०० डॉलर, आणि पुण्यात भरलेल्या कराचा इथे काही उपयोग नाही. कॅलिफोर्नियाचंही असंच आहे. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, पण न्यू जर्सीत करपात्र, हेही त्यातलंच.

तेच खरेदीखत तुम्ही टेक्सासचे रहिवासी झाल्यावर झालं, तर राज्याचा कर शून्य.

पण हे कागदी खेळ करून साधत नाही. बिऱ्हाड खरंच हललेलं हवं. नवरा मे महिन्यात गेला तरी तुम्ही, मुलं, घर एडिसनमध्ये, तर त्याचंही बिऱ्हाड न्यू जर्सीतच आहे असं म्हणायला जागा राहते. जुलैत सगळे गेलात, एडिसनचं घर विकलं किंवा भाड्याने दिलं, लायसन्स, गाड्या, शाळा, डॉक्टर, बँकेचे पत्ते बदलले, की चित्र स्वच्छ होतं. त्यानंतरची तारीख धरा. सामान नेणाऱ्याची पावती, वीज जोडणीचं पहिलं बिल, शाळाप्रवेशाचे कागद जपून ठेवा. आणि इसार घेतला म्हणजे विक्री झाली असं नाही, पण ताबा आधीच देऊन बसू नका. तारीख कोणती धरायची हे तुमच्या सीपीएकडून (इथल्या सनदी लेखापालाकडून) लेखी घ्या.

तसंही तुम्हाला वेळ लागणारच आहे. अनिवासी विक्रेता असल्यामुळे खरेदीदाराला टीडीएस कापावा लागतो, आणि कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर तो सरसकट पूर्ण किमतीवर कापला जातो. त्या दाखल्याला काही आठवडे जातात. गिऱ्हाईकाला हेच खरं कारण सांगून सप्टेंबर मागता येईल.

---

पारिजातक | १० मार्च, रात्री ११.२०

मी हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दोघंही जरा वेळ गप्पच बसलो. नऊ हजार डॉलर, नुसत्या तीन महिन्यांच्या फरकाने. सह्यकडा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

एडिसनच्या घराचं: विकताना न्यू जर्सीचा "एक्झिट टॅक्स" लागतो म्हणतात, तो काय?

---

सह्यकडा | ११ मार्च, सकाळी ८.१०

तसा वेगळा कर नाहीच. राज्य सोडून गेलेल्याकडून नंतर वसुली कठीण, म्हणून विक्रीच्या वेळीच अंदाजे आयकर आगाऊ घेतात: नफ्याच्या १०.७५ टक्के किंवा किमतीच्या किमान दोन टक्के, जे जास्त असेल ते. रिटर्न भरलं की जास्तीचे परत मिळतात. तुमचं ते राहतं घर आहे, त्यामुळे सूट मागण्याचा फॉर्म भरून ही कपात टाळता येते. ज्यांनी आधी घर भाड्याने दिलं आणि काही वर्षांनी लांबून विकलं, त्यांचे पैसे अडकतात.

---

बाभूळ | ११ मार्च, सकाळी ११.००

छोट्या गोष्टी एकदम सांगते. टेक्सासला गेल्यावर गाडीची नोंदणी तीस दिवसांत, नव्या रहिवाशाला गाडीमागे नव्वद डॉलर कर. लायसन्स नव्वद दिवसांत. विक्रीकर ८.२५ टक्क्यांपर्यंत, न्यू जर्सीत ६.६२५ आहे. तिकडे कपड्यांवर नाही, इथे आहे. ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एका आठवड्यात शुक्रवार ते रविवार शंभर डॉलरच्या आतल्या कपड्यांवर करमाफी असते, मुलांची खरेदी तेव्हा करा. घराचा विमा मात्र आधी विचारून घ्या. इथे गारपीट होते, आणि छपराचं नुकसान झालं तर घराच्या विम्याच्या रकमेच्या एक-दोन टक्क्यांइतका पहिला खर्च आपला असतो.

लायसन्स काढताना मतदार नोंदणीबद्दल विचारतात. ग्रीन कार्डवाल्यांनी तिथे चुकूनही "हो" म्हणू नये. कराचा विषय नाही, पण राज्य बदलताना सगळ्यांनाच त्या खिडकीसमोर उभं राहावं लागतं.

---

मोगरा | ११ मार्च, दुपारी १२.२०

टेनेसीत माझी बहीण आहे, तिथे आयकर नाही पण किराण्यावरही कर आहे म्हणते. राज्याचा चार टक्के, वर गावाचा वेगळा. दूध-भाजीच्या पावतीवर कर बघून मला आश्चर्य वाटलं होतं.

---

कोरा_चहा | ११ मार्च, रात्री ९.००

शेवटचं एक, अप्रेझलविरुद्ध दाद मागण्याबद्दल. दरवर्षी वसंतात घराच्या किमतीची नोटीस येते. ती मान्य नसेल तर १५ मेपर्यंत किंवा नोटीस पाठवल्यापासून तीस दिवसांत, जी तारीख नंतरची ती धरून, प्रोटेस्ट करता येतो. ऑनलाइन होतो. टेक्सासमध्ये विक्रीच्या किमती जाहीर कराव्या लागत नाहीत, त्यामुळे डिस्ट्रिक्टचा अंदाज चुकू शकतो. मी दरवर्षी आजूबाजूच्या पाच-सहा सारख्या घरांची करपात्र किंमत प्रति चौरस फूट काढतो आणि आमच्या भिंतीला गेलेल्या भेगेचे फोटो जोडतो. तिथले अधिकारी शांतपणे ऐकतात. तीनदा किंमत कमी झाली, दोनदा नाही झाली. शाळा चालतात त्या याच पैशांवर, त्यामुळे द्यायचं ते द्यायला माझी ना नाही. किंमत बरोबर धरावी एवढंच.

---

पारिजातक | ११ मार्च, रात्री १०.३०

वहीचं पान फाडून नवीन केलंय. तीन रकाने: आमचे पगार, राहणार ते घर, पुण्याचा फ्लॅट. प्रत्येकापुढे तारीख. आता निकाल कळला की इथेच येऊन लिहीन.

---

पारिजातक | १६ ऑगस्ट, रात्री ९.४५

मंडळी, लिहायचं कबूल केलं होतं.

एचआरने दोन महिने घेतले. शेवटी नेमणूक डॅलसच्या ऑफिसात झाली, पत्रावर तसं स्पष्ट आहे, आणि मी आठवड्यातून तीन दिवस तिथे जाते. ऑगस्टच्या पहिल्या पगारात न्यूयॉर्कची ओळ नव्हती. टीमचं कोणी नाही, पण डबा खायला एक नागपूरची मुलगी भेटलीय.

घर प्लेनोत घेतलं, जुनं, मड नाही, पिड नाही. ५ लाख ४० हजारांना. आधीचे आजोबा ६५ च्या वरचे, त्यांचं बिल साइटवर पाच हजारांच्या आत दिसत होतं. दलाल तेच दाखवत होता. मी बाभूळ यांनी सांगितल्याप्रमाणे दरांची बेरीज करून गुणाकार केला, होमस्टेड धरूनही पुढच्या वर्षी साडेसात-आठ हजार येईल. बँकेने एस्क्रो जुन्याच बिलावर लावलाय. वरचा फरक मी वेगळ्या खात्यात टाकतेय, ऑगस्टचा टाकला.

एडिसनचं घर जूनअखेर गेलं, फॉर्म भरला, काही अडकलं नाही. निघायच्या दिवशी रिकाम्या स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या जागेवर हळदीकुंकवाचा डाग तेवढा राहिला होता. तो पुसावासा वाटला नाही.

फ्लॅटच्या गिऱ्हाईकाने समजून घेतलं. दाखला आलाय, खरेदीखत २१ सप्टेंबरला. नवरा जाणार आहे, मी कुलमुखत्यारपत्र पाठवतेय.

उद्या गाड्यांची नोंदणी. होमस्टेडचा अर्ज जानेवारीत. कोरा_चहा, किमतीची नोटीस आली की तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही.

---

कोरा_चहा | १६ ऑगस्ट, रात्री १०.०५

नक्की विचारा. एप्रिलमध्ये येते, साध्या पांढऱ्या पाकिटात, जाहिरातीसारखी दिसते. फेकू नका. आणि आजोबांनी घराची कुठली दुरुस्ती राहू दिली असेल तर रंग लावायच्या आधी फोटो काढून ठेवा.